घरोघरी : शहराच्या पोटातली पंचाण्णव गावे



तुमच्या मळ्यातला कांदा, बटाटा, भाजी किंवा आंबा यांतले काही ना काही रात्रीच्या ट्रकने वाशीला जातच असेल. ट्रक पहाटे तिथे पोचतो, पुढे पट्टी हातात येते, आणि ‘वाशी’ हे नाव आपल्या घरात बाजारभावापुरते घेतले जाते. पण वाशी हे बाजाराचे नाव होण्याआधी एका गावाचे नाव होते. तुर्भे, नेरूळ, बेलापूर, घणसोली, ऐरोली, कोपरखैरणे ही नावे आज लोकल गाडीच्या स्टेशनांवर वाचायला मिळतात. तीही गावेच आहेत. ‘होती’ म्हणायचे नाही, ‘आहेत’ असेच म्हणायचे. मुंबईच्या बेटासमोर, ठाण्याच्या खाडीच्या पूर्वेला नवी मुंबई नावाचे जे मोठे शहर उभे आहे, त्याच्या पोटात ही गावे अजून नांदत आहेत.

आज या सदरात त्या गावांतली आणि त्यांच्याभोवती उठलेल्या शहरातली घरे पाहू. कुणी म्हणेल, शहरातल्या घरांशी आम्हा शेतकऱ्यांचे काय देणेघेणे? आहे, पुष्कळ आहे. आपल्या शिवारातून उद्या मोठा रस्ता, धरण, कारखाना किंवा विमानतळ जायचे ठरले, तर या पंचाण्णव गावांनी जे भोगले आणि जे मिळवले, ते आपल्याला अंधारात कंदिलासारखे उपयोगी पडेल.

खाडीकाठची हवा, खाडीकाठचे घर

सोलापूर, अकोल्याकडच्या वाचकांना इथली हवा फार मऊ वाटेल. तिकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडून जातो. इथे तो बहुधा पस्तिशीच्या आसपास राहतो. थंडीही बेताची, शेकोटी पेटवावी असे दिवस थोडेच. पण पाऊस? वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक, आणि तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत. हवेत बारमाही ओल आणि खारटपणा. मिठाची बरणी पाझरते, पापड मऊ पडतात, पावसाळ्यात पेटीतल्या कपड्यांना बुरशी येते, खिडकीचे गज आतून गंजतात.

अशा हवेत घर कसे बांधावे हे इथल्या आगरी, कोळी आणि कराडी समाजाला कुणी शिकवायला आले नव्हते. पाणी झरझर वाहून जावे म्हणून उतरते कौलारू छप्पर. पावसाचा मारा भिंतीवर येऊ नये म्हणून पुढे पडवी. मग ओटी, माजघर, मागे चूल आणि परस. पुढच्या अंगणात उन्हाळ्यात भात वाळे, मासळी सुके, लग्नाचा मांडव पडे. समोरासमोर दारे ठेवली की खाडीवरचा वारा एका दाराने येऊन दुसऱ्याने जाई. ‘घर पाहावे बांधून’ असे आपण म्हणतो. या लोकांनी ते पिढ्यान् पिढ्या बांधून पाहिले होते.

बांध आणि उघाडी

घराइतकीच महत्त्वाची होती शेताची राखण. खाडीकाठची जमीन इतकी सखल की उधाणाच्या भरतीला खारे पाणी सहज आत शिरावे. म्हणून कडेने मातीचा बांध घालत आणि त्यात जागोजाग उघाडी ठेवत. उघाडी म्हणजे पाण्याचे दारच. भरती आली की दार बंद, खारे पाणी बाहेर. ओहोटी लागली की दार उघडे, आतले पावसाचे पाणी खाडीत. पावसाने जमिनीतला खार धुऊन निघाला की भाताची लावणी. बांधाला खांड पडली आणि खारे पाणी शेतात आले, तर ते शेत पुढची काही वर्षे पिकाला मुकले. म्हणून खांड पडली की ज्याचे शेत असेल तो आणि ज्याचे नसेल तोही, सारा गाव पाट्या-फावडी घेऊन धावे. गाव करी ते राव न करी, ती म्हण इथे चिखलात उभी राहून खरी केली जाई.

आता गंमत पाहा. पुढे शहर वसवणाऱ्या इंजिनियरांपुढे हाच प्रश्न आला. सखल जमिनीवर भराव घालून वस्ती करायची, पण मोठा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली तर पाणी जायचे कुठे? त्यांनी वाशी, नेरूळ, बेलापूर अशा भागांत खाडीच्या कडेला मोठे धारण तलाव काढले आणि त्यांच्या तोंडाशी एकाच बाजूने उघडणारी झडपदारे बसवली. भरतीला दारे आपोआप मिटतात, पावसाचे पाणी तलावात साठते. ओहोटीला दारे उघडतात आणि साठलेले पाणी खाडीत जाते. ही हॉलंड देशाची पद्धत म्हणून सांगितली जाते. ती खरीच तशी आहे. पण घणसोली-बेलापूरच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला दाखवली तर तो म्हणेल, ही तर आमची उघाडी!

फरक एवढाच की गावाच्या उघाडीला राखणारे हात घरचे होते. शहरातले तलाव गाळाने भरत गेले, त्यांत तिवरांची झाडे वाढली. आता गाळ काढायचा तर तिवरांना धक्का लागतो, आणि तिवरे ही किनाऱ्याची राखणदार असल्याने कायद्याने त्यांना संरक्षण आहे. मग कोर्टाची परवानगी, कागद, तारखा. वेळच्या वेळी जे फावड्याने झाले असते, ते पुढे कोर्टापर्यंत गेले. बांधबंदिस्ती आणि चारी वेळेवर साफ करणाऱ्या कोणत्याही शेतकऱ्याला यातला धडा वेगळा सांगायला नको.

शहर आले ते असे

मुंबई हे बेट. तिन्ही बाजूंनी पाणी, वाढायला जागा उत्तरेकडेच. गर्दी मावेना तेव्हा १९६०च्या दशकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघा जाणकारांनी सुचवले की खाडीपलीकडे मुख्य भूमीवर जोडशहर वसवावे. शासनाने ते मानले. १७ मार्च १९७० रोजी सिडको ही शासकीय कंपनी स्थापन झाली. ठाणे जिल्हा आणि तेव्हाचा कुलाबा म्हणजे आजचा रायगड जिल्हा, यांतील ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांची ९५ गावे, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र या शहरासाठी ठरले. १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल झाला, १९८०च्या दशकापासून मुंबईतले घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने वाशीला हलू लागले, १९८९ मध्ये उरणजवळ न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, १९९२ मध्ये लोकल गाडी खाडी ओलांडून वाशीला आली आणि त्याच वर्षी नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला. २०११च्या जनगणनेत महापालिकेच्या हद्दीत ११ लाखांहून अधिक माणसे मोजली गेली.

या माणसांत आपले लोक खूप आहेत. बाजाराबरोबर साताऱ्या-सांगलीकडचे माथाडी कामगार आले, कोपरखैरणे-घणसोलीत त्यांची छोटी छोटी घरे झाली. वर घरात ओझे उचलून थकलेला बाप, खाली गल्लीत सायकल फिरवणारी मुले, आणि दिवाळीला गावाकडे जाणाऱ्या एस.टी.ची वाट पाहणारी आई. त्यांच्या दृष्टीने हे शहर म्हणजे हक्काचे छप्पर. तेही खोटे नाही.

पण ज्या जमिनीवर हे छप्पर उभे राहिले ती कुणाची होती?

चाळीस गुंठ्यांतले साडेतीन

त्या वेळी भूसंपादन चाले ते १८९४च्या इंग्रजी अमदानीतल्या कायद्याने. शासनाने भाव ठरवावा आणि शेतकऱ्याने तो घ्यावा. भाताच्या शेताची किंमत भाताच्या शेताएवढीच धरली गेली. त्याच जागेवर उद्या शहर उभे राहणार, हे त्या हिशेबात नव्हते. जासईचे वकील आणि शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील यांनी नेमका हाच मुद्दा धरला. आमच्या जमिनीवर शहर होणार असेल तर त्या शहरात आमचाही वाटा हवा, हे त्यांचे मागणे. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात जासई-नवघर परिसरात आंदोलन पेटले. पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. दरवर्षी जानेवारीत तिथे हुतात्म्यांना वंदन करायला माणसे जमतात.

त्या रक्तातून साडेबारा टक्क्यांची योजना आली. १९९० मध्ये शासनाचा निर्णय झाला आणि पुढे ती अमलात आली. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन, म्हणजे रस्ता-पाणी-गटार असलेला भूखंड, मूळ शेतकऱ्याला परत द्यायचा. भूसंपादनात शेतकऱ्याला पैशाबरोबर शहराचा तुकडा मिळावा, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. पुढे विमानतळाच्या वेळी हाच टक्का साडेबावीसपर्यंत गेला. आधीच्यांनी जे सोसले, त्याचे फळ नंतरच्यांच्या पदरात पडले.

तरी हिशेब नीट करून पाहा. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे पाच गुंठे. त्यातून सार्वजनिक सोयींसाठी तीस टक्के कापले जात. उरले साडेतीन गुंठे. घरात चार भाऊ असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला गुंठाभरही नाही. बहिणींचा वाटा मोजला, आणि तो मोजायलाच हवा, तर आणखी कमी. भूखंड मिळाला तोही मालकीने नव्हे, साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने. त्या नियमात पुढे बदल होत गेले, पण बापजाद्यांच्या जमिनीचा मालक आपल्याच शिवारात पट्टेदार झाला, ही बोच राहिली.

कित्येकांना तर भूखंड मिळेपर्यंत वर्षानुवर्षे थांबावे लागले. मधल्या काळात दलाल दारी आले. भूखंड कधी मिळेल कोण जाणे, त्यापेक्षा आज रोख घ्या, असे म्हणून त्यांनी कागदावरचे हक्क विकत घेतले. ज्यांना मुलीचे लग्न काढायचे होते, घरात आजारपण होते, त्यांनी सह्या केल्या. पुढे त्याच भूखंडावर सात मजले चढले आणि मूळ मालकाचा मुलगा तिथे वाहनतळावर पहारा देऊ लागला, असे घडलेले नाही असे कोण म्हणेल? आणि ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती ते? मिठागरावरचा मजूर, दुसऱ्याच्या शेतात राबणारी बाई, खाडीत जाळे टाकणारा कोळी. टक्का जमिनीवर मोजला गेला, कष्टावर नाही. त्यांचे प्रश्न मागेच रेंगाळले.

गरजेपोटीची घरे

जमीन गेली, पण गावठाण राहिले. घरे होती तिथेच राहिली. मात्र गावठाणाची हद्द होती तेवढीच राहिली आणि कुटुंबे वाढत गेली. एका घराची तीन झाली, तिघांची नऊ. मुलाचे लग्न झाले की खोली हवी. खोलीला जागा हवी. चारी बाजूंची जमीन संपादन झालेली. मग गावकऱ्यांनी गावठाणाला लागून, कधी काळी आपल्याच असलेल्या जागेत घरे बांधली. कागदात ती अनधिकृत ठरली. गावात त्यांना नाव पडले ‘गरजेपोटी बांधलेली घरे’. ही घरे पाडण्याच्या नोटिसा, मोर्चे, आश्वासने यांत काही पिढ्या गेल्या. २०२२ मध्ये शासनाने ती नियमित करण्याचा निर्णय काढला, तरी प्रत्येक घराचा कागद हाती येणे ही निराळी वाट आहे.

आज या गावांतून हिंडलात तर कौले फारशी दिसणार नाहीत. जुन्या अंगणात तीन-चार मजली इमारत, खालच्या मजल्यावर घरधनी, वर भाडेकरू. पूर्वी भाताने जे घर चाले ते आता भाड्याने चालते. गल्ल्या इतक्या अरुंद की आगीचा बंब शिरायची पंचाईत. वारा अडला, अंगण गेले. पण गावपण गेलेले नाही. गावदेवीची जत्रा भरते, एकवीरा आईच्या दर्शनाला कार्ल्याला पालख्या जातात, नारळी पौर्णिमेला खाडीत नारळ सोडला जातो. हळदीच्या रात्री सारा गाव नाचतो. बेलापूरजवळच्या आग्रोळी गावाने तर शहराच्या मधोमध राहून ‘एक गाव, एक गणपती’ची रीत चालवली आहे. शेजारच्या उंच इमारतीत समोरच्या दारातल्या माणसाचे नाव माहीत नसते. इथे कुणाच्या घरी पाहुणा आला तरी गल्लीला ठाऊक असते.

अंगण राखणारी वसाहत

शहरातल्या घरांतही एक नमुना पाहण्यासारखा आहे. चार्ल्स कोरिया यांनीच १९८०च्या दशकात बेलापूरला सिडकोसाठी एक वसाहत आखली. मोठ्या इमारती न करता त्यांनी लहान लहान घरे मांडली. सात घरे आणि त्यांच्या मधोमध आठ मीटर लांब, आठ मीटर रुंद असे सामाईक अंगण. अशी तीन अंगणे मिळून पुन्हा एक मोठे अंगण. शेजाऱ्याशी भिंत सामाईक ठेवली नाही; हेतू असा की ज्याच्या हाती जसा पैसा येईल तसे त्याने आपले घर वाढवावे, शेजाऱ्याला त्रास न होता. वर उतरती छपरे. गरीब आणि बरी स्थिती असलेला यांच्या भूखंडांत फरकही फार ठेवला नाही.

आपल्या वाचकांना यात नवे काय वाटणार? आपले वाडे, आपल्या आळ्या अशाच. पण शहराच्या मोठ्या शिल्पकाराला घर म्हणजे चार भिंतींबरोबर अंगण आणि शेजार हे मान्य करावे लागले, हे ध्यानात घ्या. आज तिथली पुष्कळ घरे पाडून लोकांनी उंच बांधली आहेत. घर वाढेल हे आखणाऱ्याने जाणले होते. जमिनीचा भाव एवढा वाढेल हे मात्र कोणत्याही नकाशात नव्हते.

आपण काय करावे?

बंधुभगिनींनो, नवी मुंबईची गोष्ट संपलेली नाही. पनवेल-उलवे भागात दहा गावे हलवून बांधलेल्या विमानतळावरून डिसेंबर २०२५ मध्ये विमाने उडू लागली. महाराष्ट्रात इतरत्रही रस्ते, धरणे, कारखाने येतच आहेत. आपल्या दारी ते आले तर रडत बसण्याआधी चार कामे आजच उरकून ठेवावीत.

पहिले काम, गावठाणातल्या घराचा कागद. सातबारा शेताचा असतो, गावठाणातल्या घराचा नसतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणाची मोजणी होऊन मिळकत पत्रिका दिली जाते. आपल्या गावाची मोजणी झाली का, आपले अंगण आणि परस त्यात आले का, हे ग्रामपंचायतीत जाऊन पाहा. कुटुंब वाढते आहे तर गावठाण वाढवून मागा, आणि जमीन हातात असतानाच मागा. नंतर बांधलेली खोली ‘गरजेपोटीची’ ठरते.

दुसरे, वारसांची नोंद. आजोबांच्या नावावर पडून राहिलेली जमीन संपादनात गेली की मोबदला कोर्टात अडकतो. मुलींची नावे लावा. २००५च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाएवढाच हक्क आहे. नाव वगळून वाद ओढवून घेण्यापेक्षा नाव लावून घर एक राखावे.

तिसरे, जमीन कोणत्या कायद्याखाली मागितली जात आहे हे पहिल्या दिवशी लेखी विचारा. २०१३चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू आहे. त्यात जमीनमालकाबरोबर त्या जमिनीवर पोट असलेला शेतमजूर, कूळ, कारागीर यांचाही बाधित कुटुंब म्हणून विचार आहे. पण सगळेच प्रकल्प त्याच कायद्याने होत नाहीत, आणि कायदा बदलला की हक्क बदलतात.

चौथे, कागदावरचा हक्क कागदावर असतानाच विकू नका. मिळणारा पैसा घरधनी आणि घरधनीण दोघांच्या नावावर ठेवा. गाडी आणि लग्न यांत तो किती लवकर विरघळतो, हे या पंचाण्णव गावांतल्या बायकांना विचारावे.

आणि या चारही कामांच्या आधीचे एक काम आहे. गावाने एकत्र बसायचे. साडेबारा टक्के एकट्या शेतकऱ्याला मिळाले नाहीत, ते गावांना मिळाले. बांधाला खांड पडली की सारा गाव धावत असे, ती सवय राहिली म्हणूनच जासईला माणसे उभी राहू शकली. आपल्या गावच्या येत्या ग्रामसभेत हा विषय काढा. वाशीला माल घेऊन जाणारा कुणी गावात असेल, तर बाजारापासून थोडे चालून त्याने वाशी गावात जाऊन यावे आणि तिथल्या एखाद्या म्हाताऱ्याशी बोलावे. पट्टीवर लिहिलेला भाव तो आणतोच. जमिनीचा भाव काय असतो, तेही विचारून यावे.